दारांची वही: भरतपुरात चार दिवस, सायकलवर

बाबांची सगळी नोकरी गोदावरीच्या कालव्यांवर गेली. नाशिक जिल्ह्यातला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा म्हणजे त्यांचं दुसरं घर. हिवाळा आला की तिथे दुर्बिणी गळ्यात अडकवून पक्षी बघायला माणसं यायची आणि बाबा दिसले की हटकून सांगायची, "साहेब, महाराष्ट्राचं भरतपूर आहे हे!" २०२० साली ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हा तर बाबांना गावातल्या केशकर्तनालयातही हे ऐकावं लागलं. गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता ते एकदम म्हणाले, "पस्तीस वर्षं नक्कल सांभाळली. अस्सल कसं आहे ते एकदा बघायला पाहिजे."

आईचे गुडघे सायकलच्या नावानंच दुखायला लागले. "तुम्ही दोघं जा, मी तिळगुळाचा डबा देते," असं म्हणून तिनं विषय मिटवला. संक्रांतीच्या तोंडावर आम्ही निघालो. मी पक्ष्यांची यादी करायला वही घेतली. बाबांनीही एक वही घेतली. तिच्यात काय लिहिणार, ते मात्र सांगितलं नाही.

पहिला दिवस

राजस्थानातलं हे भरतपूर मुंबई–दिल्ली रेल्वेमार्गावरच आहे, सवाई माधोपूर आणि मथुरा यांच्या मध्ये. त्यामुळे जाणं सोपं, पोचणं मात्र धुक्याच्या मर्जीवर. आम्ही पहाटेऐवजी जेवायच्या वेळेला उतरलो. जानेवारीत जाणार असाल तर पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका, आणि परतताना पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये एक रात्र मोकळी ठेवा.

लॉज उद्यानाच्या फाटकापासून चालत पाच मिनिटांवर होतं. मालकीणबाईंनी "राधे राधे" म्हणत दोन पेले चहा पुढे केला. हा व्रजभूमीचा मुलूख, नमस्कारही राधेचाच. सायकली फाटकापाशीही भाड्यानं मिळतात, ओळखपत्र ठेवून घेतात. आम्ही लॉजच्याच घेतल्या, कारण एक दिवस उद्यानाबाहेरच्या गावांतही हिंडायचं होतं. काळ्या, दांडीच्या, गिअरबिअर काही नाही. बाबांनी दोन्ही उलट्या उभ्या केल्या, चाकं फिरवली आणि निकाल दिला, "तुझं मागचं चाक आऊट आहे. चालेल, फार नाही." निवडताना सीट वर-खाली होते का आणि मागचा ब्रेक लागतो का, एवढं बघितलं तरी पुरे. घंटी नसली तरी बिघडत नाही, आत ती वाजवायचीच नसते.

उद्यानाचं नाव केवलादेव, पण इथे कुणी ते म्हणत नाही. सगळे म्हणतात 'घना'. दाट झाडीवरून पडलेलं नाव आहे. एकूण एकोणतीस चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्यांच्या हिशोबात अगदी चिमुकलं. एक सरळ डांबरी रस्ता मधोमध जातो आणि त्याला बांधांच्या पायवाटा फुटतात. सुरुवातीचे दोनेक किलोमीटर, शांतीकुटीपर्यंत, नुसती बाभळीची कोरडी रानं. बाबा निराश दिसले. "इथे पाणी कुठंय?"

मग दोन्ही बाजूंना एकदम पाणी उघडलं. खरं तर ते आधी ऐकू आलं. रस्ता वळायच्या आतच उजवीकडून वारकऱ्यांचा गलका कानावर आला. वारकरी म्हणजे पांढऱ्या कपाळाचे ते काळे पाणपक्षी, त्यांना कुणी चांदवाही म्हणतं. त्यांच्या मागे बदकांची कुजबुज. सायकलचा फायदा हा. मोटारीत बसलं की आधी काच खाली करायची, मग इंजिन बंद करायचं, तोवर पाखरू उडून जातं. सायकलवर पाय टेकला की झालं. आणि पाय टेकल्यावर आपण अर्धे झाडासारखे दिसतो बहुतेक, कारण दहा हातांवरचा ढोकरी बगळा आमच्याकडे बघून पुन्हा आपल्या कामाला लागला.

सापन मोरीच्या चौकात बाबा थबकले. "बघ, इथेही मोरीच म्हणतात!" (शहरातल्या वाचकांसाठी: ही न्हाणीघरातली मोरी नव्हे. रस्त्याखालून किंवा बांधाखालून पाणी काढून द्यायची ती मोरी.) मोरी आहे म्हणजे जवळपास दार असणार, असं म्हणून ते एका बांधावर वळले. आणि होतंच. लोखंडी झडप, वर स्क्रूचा दांडा, दांड्याला फिरवायचं चाक. झडपेच्या बुडातून हातभर रुंदीची पाण्याची पात सुटली होती.

"गळती," बाबा म्हणाले. पाटबंधारे खात्यात हा शब्द शिवीसारखा उच्चारतात.

त्यांनी वही काढली. तेव्हा मला कळलं ती वही कशासाठी होती. पहिल्या पानावर लिहिलं: 'दार १. स्क्रू उचल. बुडातून गळती.' मी माझी वही काढली, कारण त्या गळतीच्या पायथ्याशी अख्खी पंगत बसली होती. तीन छोटे बगळे, दोन ढोकरी, एक तुतवार शेपटी हलवत, आणि वर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला कवड्या खंड्या. पाण्याच्या पातीबरोबर वाहून आलेले चिमुकले मासे खाली वळवळत होते. खंड्यानं सूर मारला, वर आला, मासा दांड्यावर दोनदा आपटला आणि गिळला. दांडा म्हणजे बाबांच्या वहीतल्या दार क्रमांक एकचा स्क्रू.

बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते झडपेचं सील कुठून गेलंय ते वाकून बघत होते.

दुसरा दिवस

सकाळी सात वाजता निघालो ते चूक झालं. पुढच्या सायकलचा मागचा मडगार्डही दिसेना. पारा पाच-सहावर असावा. हातमोजे नसतील तर मोजे हाताला घाला, आम्ही तेच केलं. एवढ्या धुक्यात पक्षी दिसणं शक्य नव्हतं, पण मागे फिरायचं म्हटलं तर वाटही दिसत नव्हती. म्हणून एका पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो. आणि तो तास, खरं सांगते, चार दिवसांतला सगळ्यात चांगला तास होता. डावीकडे पाण्यात काहीतरी जड पावलं टाकत होतं, छपाक, थांबणं, पुन्हा छपाक. वरून कलहंसांचा थवा गेला, न दिसता, नुसता आवाज ओढत. मग अगदी जवळून तुतारी फुंकल्यासारखी जोड हाक आली, एकाची लांब, दुसऱ्याच्या दोन तुटक.

"सारस," मी म्हणाले. महाराष्ट्रात सारस उरलेत ते गोंदियाकडे भातशेतीत, तेही मोजकेच. आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो न दिसता.

साडेदहाला धुकं उचललं. छपाक-छपाक करणारं जनावर म्हणजे एक सांबर होतं. पोटापर्यंत पाण्यात उभं, तोंडातून पाणवनस्पतींची झालर लोंबती. सारसाची जोडी पलीकडच्या गवतात होती, माणसाएवढी उंच. पाण्यावर थापटे, तलवार बदकं, चक्रवाक. पट्टकदंब हंस ऊन खात बसले होते. हिमालय ओलांडून येणारे हे पाहुणे आमच्याकडे नांदूरलाही येतात, त्यामुळे ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. रंगीत करकोच्यांची घरटी बहुतेक रिकामी झाली होती. त्यांचा हंगाम ऑगस्टपासून, पिल्लं बघायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावं. पाहुणी बदकं हवी असतील तर डिसेंबर-जानेवारी. दोन्ही हवं असेल तर दोनदा जावं, दुसरा इलाज नाही.

आज आम्ही एका सरदारजींची सायकलरिक्षा बरोबर घेतली. इथले बरेच रिक्षावाले शीख आहेत आणि पक्षी दाखवायचं रीतसर शिक्षण घेतलेले आहेत. रिक्षात आम्ही बसलोच नाही. ते पुढे, आम्ही मागे सायकलवर. ही युक्ती सगळ्यांना सांगेन. आपण एकट्यानं फिरलो असतो तर झाडाच्या ढोलीतला पिंगळा, वारुळाशेजारी उन्हात वेटोळं घालून पडलेला अजगर, आणि काटेरी झुडपात अगदी झुडपाच्याच रंगाचं होऊन झोपलेलं घुबड, यातलं काहीही दिसलं नसतं. सरदारजींना नावं इंग्रजीत पाठ, आणि स्वभाव पंजाबीत. तलवार बदकाबद्दल म्हणाले, "ये बड़ा शरीफ है जी. वो थापट्यावाला, वो पेटू है." थापट्या हा शब्द मी त्यांना पाच मिनिटांपूर्वीच शिकवला होता.

एका उघड्या पाणथळीपाशी त्यांनी रिक्षा थांबवली, पण काही दाखवलं नाही. "यहाँ सायबेरियन उतरते थे." पांढरे शुभ्र सायबेरियन क्रौंच, हजारो मैलांवरून. संख्या घटत घटत २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी आली, त्यानंतर कुणी नाही. ते लहान असताना लोक त्यांच्यासाठीच यायचे, म्हणाले. मग पॅडलवर पाय ठेवून पुढे निघाले.

आता बाबांचं. त्यांना चौकीवरचा एक वनरक्षक भेटला आणि पक्ष्यांविषयी एक अक्षर न काढता त्यांनी विचारलं, "सालभर में पानी कितना लगता है?" वनरक्षक चमकला, मग खुलला. साडेपाचशे एमसीएफटी, म्हणजे दशलक्ष घनफूट. बाबांनी तोंडी हिशोब केला: अर्धा टीएमसी (अब्ज घनफूट) आणि थोडं. आमच्या गंगापूर धरणाच्या साधारण दशांश. एवढ्यात हे सगळं, एकोणतीस चौरस किलोमीटर आणि त्यावरची पाखरं.

त्यानंतर बाबा मला घना समजावून सांगायला लागले, जणू तो त्यांच्याच शाखेत होता. ही नैसर्गिक सरोवरं नव्हेतच. मूळचा खोलगट भाग, अठराव्या शतकात भरतपूरच्या राजा सूरजमल जाटानं जवळच अजान बांध घातला आणि इथे पावसाळ्यात पाणी भरायला लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला संस्थानानं त्यात बांध, चाऱ्या आणि दारं बसवून लहान-लहान कप्पे केले. अजान बांधातून पाणी सोडायचं, ते एका कप्प्यातून दुसऱ्यात उतरवायचं, कुठे घोटाभर ठेवायचं तर कुठे कमरेइतकं. बगळ्याला घोटाभर लागतं, पाणबुड्या बदकाला खोल. "म्हणजे बघ, ऊस आणि गहू. पाणी एकच, पाळी वेगळी," बाबा म्हणाले. मी चार पुस्तकं वाचून गेले होते, पण एकातही एवढं सोपं करून लिहिलेलं नव्हतं.

कप्पे पाखरांच्या प्रेमापोटी झाले नव्हते, हे केवलादेवाच्या देवळाजवळ कळतं. देऊळ लहानसं, शंकराचं, त्यावरूनच उद्यानाचं नाव. जवळच शिळा उभ्या आहेत, शिकारींचा जमाखर्च कोरलेल्या. तारीख, पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती. ओळी १९०२ पासून सुरू होतात. १२ नोव्हेंबर १९३८ च्या ओळीवर सगळे बोट ठेवतात: व्हाइसरॉय लिनलिथगो, ४,२७३ पक्षी. एका दिवसात. बाबा बराच वेळ वाचत राहिले. त्यांना सवयच आहे, धरणावरच्या कोनशिलाही ते पूर्ण वाचतात. शेवटी म्हणाले, "हिशोब मात्र चोख ठेवलाय."

१९५६ मध्ये अभयारण्य झालं, १९८१ मध्ये रामसर यादीत नाव, १९८५ मध्ये जागतिक वारसा. पण राजेसाहेबांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत होताच.

देवळामागच्या तळ्याकाठी आम्ही आईच्या दशम्या सोडल्या. तळ्यात मोठाली कासवं आहेत, पिठाच्या गोळ्यांच्या आशेनं काठाला येतात. घालू नका, मनाई आहे. माकडांना तर अजिबात दाखवू नका. माझी एक दशमी अशीच गेली.

तिसरा दिवस: भोगी

आज उद्यानाबाहेर. आम्हाला अजान बांध बघायचा होता. खरं म्हणजे बाबांना बघायचा होता आणि मला त्यांना एकटं सोडायचं नव्हतं.

घन्याच्या भोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत आहे. तिच्या कडेकडेनं अघापूरकडे जाणारा रस्ता धरला. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला मोहरी. मोहरी म्हणजे किती, तर नजर फिरवावी तिकडे हळद सांडल्यासारखी. धुक्यातून ऊन पाझरायला लागलं की तो पिवळा रंग जमिनीतूनच उजळल्यासारखा दिसतो. शेताच्या बांधावर एक नीलगाय उभी होती आणि एक पोरगं डबा वाजवत तिच्यामागे धावत होतं. भिंत असली तरी नीलगाई आपली वाट काढतात, आणि मग शेतकऱ्याची रात्र जागण्यात जाते. घना किती सुंदर, हे त्या पोराला विचारण्यात अर्थ नव्हता.

चौथ्या किलोमीटरला माझं चाक बसलं. विलायती बाभळीचा काटा, बोटभर लांब. ही बाभूळ उद्यानातही माजली होती, मध्यंतरी आसपासच्या गावकऱ्यांना लावून ती मुळापासून काढून घेतली, लाकूड त्यांनाच दिलं. बाहेर मात्र मुबलक आहे. जाणाऱ्यांनी पंक्चरचं सामान आणि छोटा पंप जवळ ठेवावा, आमच्याकडे दोन्ही नव्हतं. सायकल ढकलत गावात शिरलो. पंक्चरवाल्यानं ट्यूब घमेल्यात बुडवली आणि एकाऐवजी तीन ठिकाणी बुडबुडे आले.

तिथेच शेकोटीशी एक म्हातारबाबा बसले होते, अंगावर घोंगडी, जवळ चार म्हशी. आम्ही कुठले, काय, सगळं विचारून झाल्यावर त्यांनी भिंतीकडे हात केला. पूर्वी त्यांच्या म्हशी तिथे आत चरायच्या, बापाच्या, आज्याच्या काळापासून. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई बंद झाली. नोव्हेंबरात लोक म्हशी घेऊन आत घुसले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, मध्येच एका म्हशीला हाकलत.

यातली पुढची गोष्ट मला ठाऊक होती आणि ती जास्तच कडू आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तेव्हा इथे दहा वर्षांचा अभ्यास करत होती. चराई थांबल्यावर काय झालं, तर पास्पॅलम नावाचं पाणगवत बेसुमार माजलं, पाणी झाकून गेलं आणि बदकांना उतरायला जागा उरेना. म्हशी ते गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या. ज्यांना शत्रू समजून बाहेर काढलं ते फुकटचे मजूर निघाले. मी हे म्हातारबाबांना सांगायला लागले, पण ते मध्येच हसून म्हणाले, "बेटी, भैंस को तो पहले से पता था."

पुढे अजान बांध. बाबांनी धरण म्हणून काय कल्पना केली होती देव जाणे. समोर होता तो मातीचा लांबच लांब बांध आणि त्याच्या आत, जिथे पाणी असायला हवं तिथे, गहू आणि मोहरी. बाबा अवाक. मग हळूहळू हसायला लागले. "गाळपेर! अख्खं धरण गाळपेर!" आपल्याकडे धरणाचं पाणी ओसरलं की काठच्या गाळात शेतकरी पीक घेतो, तिला गाळपेर म्हणतात. इथे सगळं तळच पेरलेलं. पावसाळ्यात गंभीर आणि बाणगंगा नद्यांचं पाणी अडवायचं, घन्याला द्यायचं, पावसाळा सरला की उरलेलं सोडून द्यायचं आणि भिजलेल्या जमिनीत रब्बी घ्यायची. बाबांच्या वहीत त्या दिवशी तीन पानं भरली.

पण पाणी येतं का? गंभीर नदीवर वर करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि खाली पाणी सोडायचं की नाही यावरून भांडण जुंपलं. वरचे शेतकरी म्हणणार आमचं पोट आधी. २००३-०४ नंतर काही वर्षं घना कोरडा पडायची वेळ आली. मग गोवर्धन नाल्याचं पाणी पंपानं आणायची योजना झाली, चंबळच्या नळयोजनेतूनही थोडं घेतलं. नाशिक-नगरनं जायकवाडीला पाणी सोडावं की नाही यावरून दर दुष्काळात आमच्याकडे जे रण माजतं, त्याचीच ही राजस्थानी आवृत्ती. बाबांनी त्यात दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या आहेत. बांधावर उभं राहून एवढंच म्हणाले, "टेलला पाणी पोचवणं सोपं नसतं. पाखरं तर टेलच्याही टेलला." (टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक.)

दुपारी एका ढाब्यावर बाजरीची रोटी, सरसोंचा साग आणि गूळ. भोगीला आपल्याकडेही बाजरीचीच भाकरी, तीळ लावून. हे ढाबेवालीला सांगितल्यावर तिनं कुठूनसे तीळ आणले आणि पुढच्या रोट्यांवर थापले. बाबांनी आईला फोन लावून तव्यावरचा आवाज ऐकवला. (सकाळच्या खाण्याला इकडे बेढई आणि बटाट्याची झणझणीत भाजी, वर जिलबी. सायकल चालवायची नसेल तर खाऊ नका.)

परतताना वारा समोरून होता. वीसेक किलोमीटरच झाले असतील दिवसभरात, पण बाबांच्या मांड्या भरून आल्या. वय सदुसष्ट, हे ते कबूल करत नाहीत, मालकीणबाईंकडून गरम पाण्याची बादली मागून घेतली तेवढ्यावरून मी ओळखलं.

चौथा दिवस: संक्रांत

गाडी संध्याकाळची. सकाळी लोहगड, म्हणजे भरतपूरचा किल्ला, उरकला. उरकला म्हणू नये खरं तर, मराठी माणसानं इथे थोडं थांबायला हवं. पानिपतातून वाचून आलेल्या आपल्या माणसांना सूरजमलनं अन्न-वस्त्र दिलं, ते याच मुलखात. त्याआधी सातच वर्षं, १७५४ मध्ये, जवळच्या कुम्हेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले होते, याच जाटांशी लढताना. आणि १८०५ मध्ये यशवंतराव होळकरांनी इथे आसरा घेतला, तेव्हा इंग्रज सेनापती लॉर्ड लेकचे चार हल्ले या मातीच्या तटांनी परतवले. तोफेचा गोळा यायचा आणि मातीत रुतून बसायचा. भोवतीच्या खंदकाचं नाव सुजानगंगा. ते पाणी आता बघवत नाही. बाबा खंदकाच्या काठी थोडा वेळ थांबले आणि वही न काढताच परतले.

दुपारी शेवटची चक्कर घन्यात. फाटकावर सरदारजी भेटले, त्यांना तिळगूळ दिला. "मीठा खाओ, मीठा बोलो," असं भाषांतर केलं, तर म्हणाले, "मीठा तो बोलते ही हैं जी, सवारी का सवाल है."

माझी यादी अठ्ठ्याऐंशीवर होती आणि काळ्या मानेचा करकोचा अजून दिसायचा होता. बाबांचा मात्र एकच हट्ट, पहिल्या दिवशीच्या त्या दारापाशी जायचं. बांधावर वळलो तर तिथे दोन मजूर गुडघाभर पाण्यात. पोत्यात माती भरून गळतीपुढे दाबत होते आणि पाणी पोतं ढकलून पुन्हा वाहत होतं. मार्चपर्यंत या कप्प्यात पाणी टिकवायचंय असं वरून सांगितलंय, म्हणाले.

बाबांनी सायकल स्टँडवर लावली. मला तेव्हाच कळलं आता काय होणार.

"इस तरफ से नहीं बंद होगा. ऊपर से. राख है क्या कहीं? चूल्हे की राख?" एका मजुराला त्यांनी स्वतःची सायकल दिली. तो कुठून तरी अर्धं पोतं राख आणि भुसा घेऊन आला. बाबांनी झडपेच्या वरच्या अंगाला, पाणी जिथून आत ओढलं जातं तिथे, मूठ-मूठ सोडायला लावली. फार नाही, हळू, पाण्यालाच नेऊ दे. राख ओढली गेली, फटीत बसली, वर भुसा बसला, वर पुन्हा राख. दहा मिनिटांत पात बारीक झाली, मग धार, मग थेंब. मजूर म्हणाले, "वाह बाबूजी!" बाबांचा चेहरा मी कित्येक वर्षांत असा बघितला नव्हता.

वहीत पहिलं पान उघडून त्यांनी 'गळती'वर काट मारली. लिहिलं: 'बंद.'

मग मान वर केली. खालच्या डबक्यातलं पाणी हलायचं थांबलं होतं. बगळे एकेक करून पाय उचलत पलीकडे निघाले. ढोकरी तेवढी उभी राहिली. कवड्या खंड्या आला, नेहमीच्या जागी हवेत थांबला, पंख फडफडवत खाली बघत राहिला, बराच वेळ. सूर मारला नाही. तिरका होऊन बांधापलीकडे निघून गेला.

बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. डब्यातले उरलेले लाडू त्या दोघांना देऊन आम्ही निघालो. शांतीकुटीच्या अलीकडे त्यांनी एकदम पाय टेकला.

"तो काळा-पांढरा, दांड्यावर बसायचा तो. त्याला काय म्हणालीस तू?"

"कवड्या खंड्या."

त्यांनी वही काढली आणि 'दार १'च्या ओळीखाली ते नाव लिहून घेतलं.